अमडापूरला द्यायचा राहिलेला ओव्हर

परत आल्यावर सुनेकडे पाणी मागताना माझ्या तोंडून 'मले' निघालं. ती हसून नातीला म्हणाली, आजोबांचं सामान आलंय, आजोबा अजून यायचेत. खोटं नव्हतं ते. पुण्यात इतकी वर्षं काढली, तोंडातली वऱ्हाडी घासून घासून काढली आणि बुलढाणा जिल्ह्याच्या एका फेरीने ती सगळी परत आली. ती पुन्हा जायच्या आत हे लिहून काढतो आहे.

मी दवाखान्यात परिचारक होतो. आमच्या खात्यात बाईला सिस्टर म्हणतात आणि माझ्यासारख्याला ब्रदर. उमेदीची वर्षं खामगावच्या दवाखान्यात गेली. त्याच काळात परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तिथल्या शाखेचा मी सचिव होतो. आता संघटना आपल्या शाखांचा इतिहास पुस्तकरूपाने काढते आहे आणि आमच्या भागाचं प्रकरण लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या वेळचे बाकीचे एक तर सापडत नाहीत किंवा राहिले नाहीत.

हा इतिहास मी पूर्वी एकदा, एका स्मरणिकेत, लिहिलेला आहे. नर्सला रात्री बाळंतपणाला न्यायला पुरुष आला तर त्याच्यासोबत त्या घरची एखादी बाई असलीच पाहिजे, हा ठराव खामगावच्या अधिवेशनात 'शाखेच्या सचिवांनी मांडला' असं त्यात छापलेलं आहे. मांडला मीच. पण ती रीत अमडापूर भागात चालू केली होती इंगळे सिस्टरनी, माझ्या हातातल्या कागदावरचे शब्दही त्यांचे होते, आणि मी ते वाचत असताना त्या मंडपाबाहेर सतरंजीवर बसलेल्या होत्या. नवं प्रकरण छापायला जाण्याआधी त्यांना भेटायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि त्यांच्या तोंडून हो घ्यायचं, एवढ्यासाठी मी निघालो. पिशवीत एक शाल, एक नारळ आणि कापडात गुंडाळलेला शाखेचा रबरी शिक्का होता. शिक्क्याचं पुढे सांगतो.

जलंब

मोठ्या गाडीतून जलंबला उतरून खामगावच्या छोट्या गाडीत बसायचं, ही रीत अजून तशीच आहे. ही गाडी घाई करत नाही. दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या, शेंगा वाळत आलेल्या. मधूनच वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचं रान. पुण्यात शेजारचा माणूस वर्षभर नाव विचारत नाही. इथे समोरच्या बाईने गाडी हलायच्या आत विचारलं, कोणत्या गावचे. मी पुणे म्हणालो.

"थे राहू द्या. मूळचे?"

मूळचा खामगावशेजारचाच. आमचं माळ्याचं घर, विहिरीवर वांगी-मेथी काढणारं. मी नर्सिंगला गेलो तेव्हा बापाने गावात कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, पोरगा दवाखान्यात सायेब हाय. हे मी त्या बाईला सांगितलं, काऊन सांगितलं कोण जाणे. तिने डब्यातली एक कचोरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, माझी नणंद नर्स होती, तिलेही लगनाच्या वक्ती शिक्षिका म्हणून सांगितलं होतं.

खामगाव

बाजाराच्या दिवसांत इथल्या रस्त्यांच्या झाडांना कापूस लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो. ते झाड पाहिलं आणि मला घरी आल्यासारखं झालं. दवाखान्याला मात्र मी ओळखलं नाही. जुने लांब वॉर्ड गेले, मजल्यांची इमारत उभी आहे. आमच्या नर्सिंग होस्टेलचा फक्त एक जिना उरला आहे. त्याच्या खालच्या पायरीवर बसून एक रुग्णाचा नातेवाईक संत्रं सोलत होता. त्याच पायरीवर आमच्या शाखेच्या सभा व्हायच्या.

ज्यांनी या संघटनेचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजी अमदानीत मोठ्या आणि मिशनच्या दवाखान्यांतल्या मेट्रन बायांनी एकत्र येऊन ती उभी केली. त्यात बऱ्याचशा गोऱ्या होत्या. सुरुवातीला ती अधीक्षिकांचीच. मग प्रशिक्षित नर्सना दार उघडलं, मग विद्यार्थिनींना. पगारासाठी संप करणारी ही युनियन नव्हे. नर्सिंगचं शिक्षण कसं असावं, नोंदणी कोणाची व्हावी, नर्सला राहायला जागा कशी असावी, तिच्याशी कोणी कसं वागावं, हे सरकारपुढे शांतपणे, पुन्हा पुन्हा मांडत राहणारी ती संस्था. वाचताना हे कोरडं वाटेल. पण त्या काळी खामगावात नर्सला खोली भाड्याने मिळत नव्हती. रात्रपाळी करणारी बाई म्हणजे काय, हे घरमालक तोंडावर बोलत. अशा वेळी दिल्लीहून टपालाने संघटनेचं मासिक यायचं आणि आमच्या केरळच्या मेट्रनबाई त्यातलं इंग्रजी आपल्या मराठीत उलगडून त्या पायरीवर वाचून दाखवायच्या. दूर कुठे तरी आपल्यासारख्या हजारो जणी आहेत आणि त्या आपल्या कामाला 'व्यवसाय' म्हणतात, एवढं ऐकून बायका सरळ बसायच्या. मी तर पुरुष, नर्समध्येही उपरा आणि पुरुषांतही. मलाही सरळ बसता यायचं.

मेट्रनबाईंचा एक नियम होता, तो इथे सांगणं भाग आहे. पाळी संपली की दुसऱ्या पाळीच्या नर्सला सोबत घेऊन खाटेखाटेशी उभं राहायचं, कोण, काय झालंय, काय द्यायचं राहिलंय ते तोंडाने सांगायचं आणि शेवटी कपाटाच्या किल्ल्या हातात द्यायच्या. याला ओव्हर देणं म्हणतात. घेणारीने "घेतलं" म्हटल्याशिवाय देणारीने वॉर्ड सोडायचा नाही. मेट्रनबाई म्हणायच्या, "तुम घरी गेला, झोपला, लग्न केला, तरी ओव्हर दिला नाही तर ड्युटी चालूच आहे." आम्ही हसायचो.

गावोगावच्या उपकेंद्रात एकट्या राहणाऱ्या, दीड-दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेल्या ज्या नर्सबाया, त्या मात्र आमच्या शाखेच्या पूर्ण सभासद नव्हत्या. त्यांचा वेगळा, जोडलेला विभाग होता. कागदावर जोडलेला. इंगळे सिस्टर त्यातल्या. नवऱ्याने सोडल्यावर आमच्या मेट्रनबाईंकडे प्रशिक्षणाला आल्या आणि अमडापूर भागात नेमल्या गेल्या. शाखेचं खरं काम त्याच करत. त्यांची युक्ती साधी होती. बुधवारी सगळ्या नर्सबाया लस न्यायला अमडापूरच्या आरोग्य केंद्रात जमत. बर्फाच्या डब्या थर्मासमध्ये भरून होईपर्यंत निंबाखाली बसायचं, तीच सभा. मी खामगावहून एसटीने जायचो, मासिकातलं वाचून दाखवायचो, अर्ज लिहून द्यायचो, शिक्का मारायचो. इंगळे सिस्टर माझ्यासाठी फडक्यात भाकरी आणत. ज्वारीची, कधी उडीद मिसळलेल्या कळण्याची, वर ठेचा. मला त्या बुधवारची वाट पाहायची सवय लागली होती. त्याला नाव देण्याची वेळ तेव्हा आली नाही.

अधिवेशनाला दिल्लीहून पाहुण्या येणार होत्या. इंगळे सिस्टरनी बोलायचं असं ठरलं होतं. सकाळी जिल्ह्यातल्या एका वजनदार बाईंनी मला बाजूला घेतलं. पूर्ण सभासद नसलेल्या बाईला व्यासपीठावर बसवलं तर आपलं हसं होईल, असं त्या म्हणाल्या. नियम त्यांच्या बाजूने होता. मी नियमाचा आधार घेतला. खरं तर मला स्वतःलाच तिथे उभं राहायचं होतं, आणि नियमाने मला ते देऊ केलं. मी सिस्टरच्या हातातून कागद घेतला आणि वाचला. टाळ्या पडल्या. मी बाहेर आलो तेव्हा त्या आणि बाकीच्या नर्सबाया सतरंज्या झटकत होत्या.

अमडापूर

खामगाव सोडलं की रस्ता हळूहळू वर चढतो आणि हवा बदलते. उंद्रीच्या पुढे हरभऱ्याची शेतं लागली. चालकाने खड्डा चुकवताना गाडी अशी वळवली की माझ्या पिशवीतला नारळ निसटून थेट मागच्या बाकापर्यंत घरंगळत गेला. एका म्हाताऱ्याने तो पायाने अडवला आणि हातोहात पुढे पाठवला. प्रत्येक बाकावर त्याची चौकशी झाली.

"कोनाचा साखरपुडा हाय का बाबाजी?"

"सत्कार आहे," मी म्हणालो.

"मंग धरून बसा. सत्काराचा नारळ फुटला त माणूस चिडते."

सगळी एसटी हसली. मीही. पुण्याच्या बसमध्ये नारळ पडला असता तर तो मी एकट्यानेच शोधला असता.

आरोग्य केंद्रात निंबाचं झाड आहे. त्याला आता पार बांधला आहे. काजल नावाची तरुण सिस्टर ड्युटीवर होती. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी जुना ब्रदर आहे हे कळल्यावर "सर" म्हणणं सोडून "काका" म्हणू लागली. ती संघटनेची सभासद आहे, पूर्ण. मोबाइलवरच फॉर्म भरला म्हणाली. आजही सगळ्या बुधवारीच येतात लस न्यायला, फक्त स्कूटीवर येतात. मग मी जरा घाबरतच विचारलं, रात्री कोणी न्यायला आलं तर?

"आता गाडी येते, आशाताई असते. पण त्या घरची एक बाई गाडीत बसतेच. बसल्याबिगर आम्ही निघतच नाही."

"असा नियम आहे का कुठे लिहिलेला?"

"लिहेल कुठं असन? इकडची पद्धतच हाय, काका. आमच्या आजीपासूनची."

तिने मला केंद्रामागच्या नर्सच्या खोल्याही दाखवल्या. दाराला आतून जाड लोखंडी कडी, बाहेर दिवा. ती कडी मी एकदा लावून आणि काढून पाहिली. त्या कडीसाठी आमच्या शाखेने किती अर्ज केले होते ते त्या पोरीला सांगावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की मी पुन्हा तेच करतो आहे.

इंगळे सिस्टर अमडापुरात नाहीत असं तिच्याकडून कळलं. गुडघे गेल्यापासून त्या हिवरा आश्रमला भाचीकडे राहतात. "जा ना काका," ती म्हणाली, "लय बोलतात त्या. इंजेक्शनचा हात अजून आम्हालेच शिकवतात."

हिवरा आश्रम

चिखलीला गाडी बदलून दुपारनंतर पोचलो. आश्रमामुळे गावाला शिस्तीचा, झाडलोट केलेला चेहरा आहे. शाळा सुटली होती. भाचीचं घर एका गल्लीच्या टोकाला, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग. त्या ढिगापाशी बाजेवर बसून इंगळे सिस्टर सोले, म्हणजे ओले दाणे, काढत होत्या. केस पांढरे, चष्मा जाड. मी फाटकाशी उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा शेंगेकडे पाहिलं आणि ती सोलून झाल्यावर म्हणाल्या,

"चपला तिथंच काढा, ब्रदर. सारवेल हाय."

ओळख पटवायला मी काय काय वाक्यं तयार केली होती. एकही लागलं नाही. मी समोरच्या खुर्चीत बसलो तर त्यांनी वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला, थोडा वेळ धरला, काढला आणि पडलेला खळगा पाहिला.

"सूज हाय. पाण्याची गोळी घेता का?"

"घेतो."

"कवा? आठोन झाली तवा?"

भाचीचं नाव रेखा. तिने चहा केला. मी शाल काढली, ती त्यांनी हातात घेऊन चोखंदळपणे पाहिली आणि रेखाकडे दिली. नारळ हलवून त्यातलं पाणी ऐकलं आणि म्हणाल्या, चांगला हाय, चटणी कर. सत्कार एवढ्यावर आटोपला. मग मी चष्मा लावला आणि लिहिलेलं प्रकरण वाचलं. ती रीत इंगळे सिस्टरनी कशी चालू केली, बुधवारच्या सभेत सगळ्या जणींकडून कशी कबूल करून घेतली, अधिवेशनात त्यांना बोलायचं असताना सचिवाने नियमाच्या आडून तो कागद कसा घेतला, सगळं. त्या शेंगा सोलत राहिल्या.

"हाव म्हणा सिस्टर," मी म्हणालो. "छापायला जायचंय."

"अर्ध खोटं हाय."

मी कागद खाली ठेवला.

"ते माझं नव्हतंच, ब्रदर. भागू दाईचं होतं." भागू दाई म्हणजे त्यांच्या पहिल्या गावची जुनी सुईण. त्या नव्या होत्या तेव्हा एका रात्री दारावर थाप पडली, त्या निघाल्या, आणि शेजारच्या झोपडीतून भागू दाईने येऊन त्यांना मागे ओढलं. आलेल्या माणसाला ती म्हणाली, घरी बाई अडली असन त दुसरी बाई असनच, तिले घेऊन ये. तो गेला तो परत आला नाही. त्या गावात त्या रात्री कोणीच अडलेलं नव्हतं. त्यानंतर भागू दाईने तो नियमच करून दिला होता.

"मंग मी मीटिंगीत सांगितलं. माझं म्हणून सांगितलं." त्यांनी हात थांबवला. "दाईचं नाव घेतलं असतं त बाया हासल्या असत्या. आपन शिकेल, आपन गोळ्या-इंजेक्शनवाल्या. अडान्या सुइनीचं काय ऐकता, म्हणल्या असत्या. म्हणून नाई घेतलं. तुम्ही मले बाहेर बसवलं, मी तिले त मंडपापर्यंतही आणलं नाई."

मेट्रन बायांनी साध्या नर्सला उशिरा आत घेतलं. नर्सनी नर्सबाईला बाहेर बसवलं. नर्सबाईने सुइणीला घरीच ठेवलं. आमच्या संघटनेचा इतिहास मी इतक्या वेळा लिहिला, पण तो वरून खाली असा कधी वाचला नव्हता. तरी मला एक बोलायचं होतं ते मी बोललो. म्हणालो, तुम्हाला त्या दिवशी फार लागलं असेल. त्याचीच मला झोप नाही.

"लागलं ना. काऊन नाई लागनार." त्या अगदी सरळ म्हणाल्या. "पण भाषणाचं काय घेऊन बसले? त्याच्या पुढचा बुधवार तुम्हाले आठवते का?"

मला तो कधीच आठवायचा नसतो. अधिवेशन झालं आणि मी कधीपासून मागितलेली पुण्याची बदली त्याच आठवड्यात आली. बुधवारी अमडापूरला जाऊन सगळ्यांना भेटायचं, शाखा कोणाच्या तरी हाती द्यायची, तर त्या बायकांच्या तोंडाकडे पाहावं लागणार होतं. मी गेलो नाही. सामान बांधलं, पत्नी-पोरांना घेतलं आणि जलंबची गाडी पकडली. पुण्यात सामान सोडताना शाखेचा शिक्का माझ्या पिशवीत निघाला. परत पाठवायला चिठ्ठी लिहावी लागली असती. चिठ्ठीत काय लिहायचं ते सुचलं नाही म्हणून तो राहिला, आणि मग राहतच गेला.

"आम्ही निंबाखाली बसलो," त्या म्हणाल्या. "बर्फ पाणी व्हायले आला. डॉक्टर वरडले, लस खराब होते, निघा. तरी उंद्रीची तायडे म्हने, थांबा ना, ब्रदर येतेत. अर्जावर शिक्का कोन मारन? मंग मी सगळ्याइच्या सह्या घेतल्या आन तसेच अर्ज पाठवले. वापस आले. पुन्हा पाठवले. कडी लागाले लय वर्षं गेली, ब्रदर."

मी पिशवीतून कापड काढलं, शिक्का त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुम्ही ओव्हर न देता गेले. शिक्का मंग. आधी ओव्हर द्या."

"आता?"

"आता कुठं? सांज झाली. ओव्हर सकाळी असते. सकाळी या."

रेखाने जेवायला वाढलं. सोल्यांची आमटी, भाकरी, आणि खरोखरच माझ्या नारळाची चटणी. सिस्टर माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, मेट्रनबाई शेवटी कुठे होत्या एवढं विचारलं. त्या केरळला गेल्या आणि तिथेच वारल्या असं मी ऐकलं होतं, ते सांगितलं. त्यांनी ताटावरच हात जोडले.

मी आश्रमाच्या भक्तनिवासात राहिलो. पडल्या पडल्या एकेक नाव आठवू लागलो. भीती होती ती एवढीच की मी कोणाला तरी विसरलेलो असेन.

सकाळी गेलो तर सिस्टर आंघोळ करून, पांढरं सुती पातळ नेसून, भिंतीला धरून उभ्या होत्या. गुडघे गेलेली बाई उभी होती, कारण ओव्हर बसून घेत नाहीत. मी काठी बाजेला टेकवली आणि त्यांच्या समोर उभा राहिलो.

"तायडे सिस्टर, उंद्री," मी सुरुवात केली. "खोलीला आतून कडी नाही. अर्ज दिलाय, उत्तर नाही."

"कडी बसली. रिटायर होऊन लेकाकडे अकोल्याले हाय. तब्येत बरी हाय तिची. पुढं."

"खरात सिस्टर. सातवा महिना. रजा मंजूर व्हायची आहे. लस न्यायला त्यांना पायी पाठवू नये."

"पोरगी झाली. पोरगी नर्सच हाय आता. तिची माय दोन वर्सामागं गेली. पुढं."

"वानखेडे सिस्टर. नवऱ्याचा त्रास आहे. दंडावर वळ. बदली मागायची, पण तिने अजून होकार दिलेला नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही मले सांगितलं नव्हतं."

"तिने फक्त मला सांगितलं होतं. शिक्का मारायला आली तेव्हा."

"मले मंग लय उशिरा समजलं." त्या म्हणाल्या. "वाचली. डोळा गेला एक, पण वाचली. बुधवारी सांगितलं असतं त डोळाही वाचला असता."

अंगणात रेखा झाडत होती, तिचा खराटा थांबला. मला बसावंसं वाटलं. सिस्टर उभ्या होत्या, म्हणून मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी एका भाषणाचा गुन्हेगार म्हणून हळहळत होतो. माझ्या पाळीतलं जे खरं राहिलं होतं, ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"पुढं, ब्रदर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वॉर्डात असतो तसा, कामाचा आवाज.

मी पुढची नावं सांगितली. काहींचं त्यांना ठाऊक होतं, काहींचं नाही. एक-दोघींच्या नावाला त्या हसल्या. शेवटी मी म्हणालो, "इंगळे सिस्टर, अमडापूर." आणि अडलो.

"त्यांना काही सांगायचं राहिलंय," मी म्हणालो.

"ते राहू द्या. ओव्हरमंधी आपलं नाई सांगत." मग, "एक खाट तुम्ही सोडली. भागू दाई. नोंद नाई कुठं. तिले वरती ल्याहा, सगळ्याइच्या वरती. मंग वानखेडे. मंग बाकीच्या. मी कुठंही चालन."

मी हो म्हणालो आणि शिक्का दिला. त्यांनी तो उलटा करून पाहिला. रबर कडक होऊन भेगा पडल्या होत्या. पदराने त्यांनी त्याची धूळ पुसली आणि मूठ मिटली.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "आता जा तुम्ही."

मला जायचं नव्हतं. पण तो शब्द ऐकल्यावर थांबता येत नाही, हे आम्ही दोघंही एकाच बाईकडून शिकलो होतो. मी चपला घातल्या. फाटकाशी वळून पाहिलं, तर त्या बाजेवर बसून गुडघे चोळत होत्या.

थांब्यावर एसटीची वाट पाहत असताना रेखा धापा टाकत आली आणि तिने माझ्या हातात फडक्याचं गाठोडं दिलं. अजून कोमट होतं.

"मावशीनं देल्लं. म्हने, त्या बुधवारची राह्यली होती."

चिखलीहून पुढची गाडी अमडापूरला थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. आरोग्य केंद्राच्या फाटकातून निंबाचं झाड दिसत होतं. पारावर लसीच्या निळ्या डब्या मांडलेल्या, भोवती नर्सबाया. एकीच्या बोलण्यावर बाकीच्या खो खो हसत होत्या. काजल त्यांच्यात होती, तिने एसटीकडे पाहिलंही नाही. मग एकेक जण डबी खांद्याला अडकवून स्कूटीवर निघाली. मी खिडकीशी बसून गाठोडं सोडलं. कळण्याची भाकरी, वर ठेचा. वाहकाने घंटी मारली. पार रिकामा होईपर्यंत मी मागे पाहत होतो आणि हळूहळू, सगळी भाकरी खाल्ली.